फौजेचा लेसर तलावाच्या पाळीवर यायला हवा

आपला भंडारा तलावांचा जिल्हा आणि धानाचाही जिल्हा. दोन्ही गोष्टी जमिनीच्या उतारावर चालतात. पाणी कोणाच्या वशिल्याने वाहत नाही, उताराने वाहतं. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरणार की नाही, तलावाचं पाणी नहराच्या शेवटच्या शेतापर्यंत पोहोचणार की नाही, वैनगंगेला पूर आला तर पाणी कोणत्या वस्तीत शिरणार, हे सगळं वीत-दीड वीत उंचीवर ठरतं. आणि नेमकी ही वीतभर उंची दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीच्या कपाटात शोधायला गेलात तर सापडत नाही.

पटवाऱ्याकडचा गावनकाशा हद्दी दाखवतो, उंची दाखवत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारास एक मापाचे नकाशे आहेत, पण त्यात एका कंटूर रेषेपासून दुसरीपर्यंत साधारण २० मीटरचा फरक. आपल्या सपाट धानपट्ट्यात वीस मीटरमध्ये तीन-चार गावं बसतात. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून उंचीचे नकाशे तयार झाले. ते चांगले आहेत, पण त्यांच्या उंचीत काही मीटरचा फरक पडतो. तलावाच्या पाळीची एकूण उंचीच तीन-चार मीटर असेल, तर असा नकाशा काय कामाचा?

हे काम करू शकणारं एक साधन आज आपल्या देशात आहे. त्याचं नाव लेसर रडार, इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेलं नाव लायडार. जन्माने ते फौजेचं. आता रेल्वेवाले आणि रस्तेवाले ते वापरतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते आपल्या तलावांपर्यंत यायला हवं, आणि त्यातून निघालेला नकाशा गावाच्या हातात पडायला हवा.

हे यंत्र करतं काय?

गोष्ट साधी आहे. विहिरीत दगड टाकून ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून जुनी माणसं खोलीचा अंदाज बांधत. लेसर रडार तेच करतं, फक्त दगडाऐवजी प्रकाश टाकतं. विमानाच्या किंवा ड्रोनच्या पोटातून लेसरचा झोत खाली सुटतो, जमिनीवर आपटतो आणि परत येतो. लागलेला वेळ मोजला की अंतर कळलं.

मात्र वेळ फार बारीक मोजावा लागतो. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. विमान १००० मीटर उंचीवर असेल, तर झोताला जाऊन यायला सेकंदाचा दीड लाखावा भाग लागतो. त्या मोजणीत सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तरी उंचीत १५ सेंटीमीटरचा फरक पडतो. म्हणून यंत्र महाग. पण ते सेकंदाला लाखो झोत सोडतं आणि शिवारावर ठिपक्यांची रांगोळी टाकत जातं. प्रत्येक ठिपक्याची उंची वेगळी नोंदली जाते.

दुसरा गुण झाडीत कळतो. ड्रोनच्या साध्या कॅमेऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो, खालची जमीन दिसत नाही. लेसरचा झोत पानांच्या फटींतून खाली उतरतो. थोडा शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून आणि थोडा जमिनीवरून. शेवटी परतलेला भाग वेचून घेतला, की झाडी बाजूला काढल्यासारखी खालची जमीन नकाशात उतरते. गावठाणांची मोजणी झाली ती स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात वापरले ते कॅमेऱ्याचे ड्रोन. घरांच्या हद्दीसाठी ते पुरे, जंगलातला नाला शोधायला पुरे नाहीत.

फौजेकडून लोकांकडे

थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने १९६० साली अमेरिकेत ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत पहिला लेसर पेटवला. ही कंपनी लष्कराची मोठी कामं करणारी. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, तिथेच लेसरने अंतर मोजणारं रडार तयार झालं. पुढे रणगाड्यांवर अंतर मोजायला लेसर बसला आणि व्हिएतनामच्या युद्धात लेसरने नेम धरून बॉम्ब टाकले गेले. आपल्या अर्जुन रणगाड्यावरही लेसरचा अंतरमापक आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ या यानाने लेसरने चंद्राची उंची-खोली मोजली, आणि २००८ मध्ये आपल्या चांद्रयान-१ वरही तसंच उपकरण होतं.

जमिनीच्या नकाशासाठी मात्र एक अडचण होती. झोत कुठे आपटला हे कळायला विमान त्या क्षणी नेमकं कुठे आहे, ते आधी कळायला हवं. ते काम जीपीएसने केलं, आणि जीपीएससुद्धा अमेरिकी फौजेचंच. १९९५ मध्ये ती व्यवस्था पुरी झाली, आणि २००० साली सामान्य लोकांसाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्यात आली. त्याच सुमारास विमानातून लेसरने जमीन मोजण्याचा धंदा उभा राहिला. २०२० पासून काही महागड्या मोबाइल फोनांतही लहानसं लायडार येऊ लागलं.

फौजेचं साधन लोकांकडे यायची ही पहिली वेळ नाही. आपल्या देशाची मोजणीच मुळात फौजेच्या माणसाने सुरू केली. कर्नल विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोणांची साखळी टाकत उत्तरेकडे यायला सुरुवात केली. वीस वर्षं मोजत मोजत तो विदर्भात पोहोचला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ती मोजणी राज्य करण्यासाठी होती, पण तिच्यावर उभे राहिलेले नकाशे पुढे रस्ते, रेल्वे आणि कालव्यांना उपयोगी पडले. साधन कोणी काढलं यापेक्षा त्याचा नकाशा शेवटी कोणाच्या हातात जातो, हा प्रश्न मोठा आहे.

नकाशाच्या बाबतीत आपल्याकडे बरीच वर्षं संरक्षण खात्याची कुलपं होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने त्यातली बरीच उघडली. आता भारतीय संस्थांना नकाशे करायला आधी परवानगी लागत नाही. आडव्या अंतरात १ मीटर आणि उंचीत ३ मीटर, यापेक्षा बारीक नकाशे करण्याचा आणि ठेवण्याचा हक्क भारतीय संस्थांपुरता राखलेला आहे. ड्रोन उडवायला अर्थात नियम आहेत. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणावर कोणीही उठून ड्रोन न्यावा असं होत नाही, आणि होऊही नये.

कोणी वापरलं?

मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनच्या आखणीसाठी २०२१ मध्ये विमानातून लायडार मोजणी सुरू झाली. अशी मोजणी पायी करायला दहा-बारा महिने लागतात, लेसरने ती बारा आठवड्यांत होते, असं त्या कामाचे अधिकारी तेव्हा सांगत होते. म्हणजे ज्या शेतावरून गाडी जायची, त्या शेताची बोटभर उंची गाडीवाल्यांना आधीच कळते. शेतकऱ्याला स्वतःच्या शेताची कळत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या कामाच्या जवळचं आहे. केंद्राच्या वन मंत्रालयाने वाप्कोस या सरकारी कंपनीकडून जंगलातल्या पाण्यासाठी लायडार मोजणी करून घेतली. २०२१ मध्ये दहा राज्यांचे अहवाल बाहेर आले, त्यात महाराष्ट्रही होता. बंधारा कुठे, पाझर तलाव कुठे, चर कुठे, हे त्या उंचीवरून ठरवायचं, अशी कल्पना. जंगलात हे जमतं, तर जंगलाला लागून असलेल्या साकोली-लाखनीच्या तलावांवर का जमू नये?

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते तलावांचं आहे. कंबोडियात अंकोर नावाची जुनी राजधानी आहे. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून तिथल्या जंगलावर लेसर फिरवला. शेकडो वर्षं झाडीखाली दडलेले रस्ते, कालवे, बांध आणि तळी नकाशावर उमटली. तिथल्या राजांनी पाणी कसं फिरवलं होतं, ते नीट कळलं. आपल्याकडे कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी जे केलं, ते याच जातीचं शहाणपण. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने आजही सांगितला जातो. त्यांच्याकडे लेसर नव्हता. पहिल्या पावसाचं पाणी कुठून धावतं, ते पाहून त्यांनी पाळी टाकल्या. त्या पाळी अजून उभ्या आहेत, पाणी येण्याच्या वाटा मात्र आपण बुजवल्या.

आपल्या तलावांचं गणित

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांच्या वर माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले. मालकी बदलली तशी दरवर्षी पाळ दुरुस्त करणारे, गाळ काढणारे आणि तुडूम उघडून पाणी वाटणारे हातही सुटले. तलावाच्या पोटात गाळ आला, बेशरम माजली, आणि कडेकडेने अतिक्रमणं आत सरकली.

आता हिशेब करा. १० हेक्टरच्या तलावात सरासरी एक मीटर गाळ साचला, तर १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाण्याची जागा गेली. ब्रासमध्ये सांगायचं तर सुमारे ३५ हजार ब्रास. धानाला एक पाणी म्हणजे साडेसात सेंटीमीटर धरलं, तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतं. निम्मं पाणी वाटेत मुरलं, उडालं असं धरा. तरीही ६५ हेक्टर, म्हणजे १६० एकर धानाला एक पाणी होतं. लोंबी निसवताना पावसाने दगा दिला, की त्या एका पाण्याची किंमत काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये ती पुन्हा नव्याने सुरू झाली. योजना चांगली आहे. पण किती गाळ निघाला हे कशावरून ठरतं? ट्रॉल्या मोजून, नाहीतर खड्ड्याचा टेप धरून. गावात कुजबुज असते, की गाळ कागदावर जास्त आणि धुऱ्यावर कमी. अशी कुजबुज खरी की खोटी, ते मोजल्याशिवाय कोण सांगणार? गाळ काढायच्या आधी एकदा आणि काढल्यावर एकदा लेसर फिरवला, दोन नकाशे एकमेकांतून वजा केले, की किती घनमीटर निघाला ते उरतं. प्रामाणिक काम करणाऱ्या ठेकेदारालाही हे बरं, आणि सही करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही बरं. आमच्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्याला मग दोन्ही बाजूंच्या शिव्या खाव्या लागणार नाहीत.

हीच गोष्ट पुराची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरासह काठच्या किती गावांत पाणी शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. खाली गोसीखुर्दची पूर्ण भरण्याची पातळी २४५.५ मीटर. अशा सपाट मुलखात अर्ध्या मीटरच्या फरकाने एक बांधी बुडते आणि शेजारची वाचते. निळी पूररेषा, लाल पूररेषा कुठून जाते, हे अचूक उंचीवर काढलं, तर वरून किती पाणी सुटल्यावर कोणत्या वस्तीने घर सोडायचं, ते आधीच सांगता येईल. पंचनाम्याच्या वेळी ‘तुझ्याकडे पाणी आलंच नव्हतं’ हा वादही कमी होईल.

लेसर काय करू शकत नाही?

नवं यंत्र आलं की त्याच्या नावाने वाटेल ते विकणारेही येतात. म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

एक, या कामाचा नेहमीचा लेसर पाण्यात शिरत नाही. पाणी तो गिळून टाकतं. खोल पाण्याचा तळ मोजणारा हिरवा लेसर असतो, पण तो स्वच्छ पाण्यात चालतो, आपल्या गढूळ तलावात नाही. म्हणून मोजणी करायची ती एप्रिल-मे महिन्यात, तलाव आटला असताना. धान निघालेलं असतं, पानगळ झालेली असते, आभाळ मोकळं असतं. पावसाळ्यात विमान उडवून तलाव मोजल्याचं कोणी सांगितलं, तर बिल नीट तपासा. पोटात जे पाणी उरेल, तेवढा तळ डोंग्यातून बांबूने मोजावा लागेल. ते काम ढिवर बांधवांइतकं नीट कोणाला येणार?

दोन, लेसर गाळाची जाडी सांगत नाही. तो आजचा पृष्ठभाग सांगतो. खालची मूळ जमीन किती खोल आहे, ते पाहायला ठिकठिकाणी खड्डे घ्यावेच लागतील.

तीन, विमानातून मिळणाऱ्या उंचीत १०-१५ सेंटीमीटर इकडे-तिकडे होतं. दहा हेक्टरच्या तलावात सगळीकडे एकाच बाजूची १० सेंटीमीटर चूक राहिली, तर १० हजार घनमीटरचा हिशेब चुकतो. म्हणून गावात पक्के, उंची ठाऊक असलेले दगड हवेत. त्यांच्याशी ताळा घेतल्याशिवाय नकाशा मान्य करू नये.

चार, याच कारणाने बांधी सपाट करायला हा नकाशा कामाचा नाही. बांधीत आपण पाच सेंटीमीटर पाणी धरतो. त्यासाठी वेगळं साधन आहे, ट्रॅक्टरच्या मागे लावायचा लेसर लेव्हलर. शेतात तिवईवर फिरता लेसर, मागच्या बकेटीवर त्याचा संकेत पकडणारं यंत्र. बकेट आपोआप वर-खाली होते आणि दोन-एक सेंटीमीटरच्या आत जमीन सारखी होते. पंजाब-हरियाणात तो भरपूर चालतो. आपल्या बांध्या लहान, तेव्हा चार शेजाऱ्यांनी मिळूनच तो परवडेल. आणि खरडी-बरडीसारख्या उथळ जमिनीत वरची माती खरवडू नका. सपाटी मिळेल, पण दोन-तीन हंगाम पीक रडेल.

पाच, लेसर हद्द सांगत नाही. धुरा कोणाचा, हे मोजणी खात्यातच ठरेल. त्यावरून भावकीत नवं भांडण काढू नका.

मग करायचं काय?

काही जण म्हणतील, आमच्या गावातल्या म्हाताऱ्याला पाणी कुठून येतं ते पाठ आहे, यंत्र कशाला? म्हाताऱ्याचं खरंच असतं. पण म्हाताऱ्याचं बोलणं अंदाजपत्रकात लिहिता येत नाही, आणि तो गेला की ते ज्ञानही जातं. नकाशा आल्यावर पहिल्यांदा त्यालाच दाखवा. तो म्हणेल ‘इथे नाला होता’, आणि नकाशात तिथे खोलगट रेघ दिसेल, तेव्हा ते अतिक्रमण हटवायला गावाकडे पुरावा असेल.

काही जण म्हणतील, एवढा नकाशा तयार झाला की उद्या आमच्याच जमिनी घ्यायला वापरतील. ही भीती खोटी नाही. पण ज्यांना जमीन घ्यायची आहे, ते आपल्या पैशाने मोजून घेतातच. नकाशा फक्त त्यांच्याकडे राहिला, तर आपण आंधळे. दोघांकडे असला, तर निदान बोलता तरी येतं. इंग्लंडमध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने २०१५ मध्ये पुरासाठी केलेली लेसर मोजणी सर्वांना फुकट खुली केली. काही भाग समुद्रापेक्षा खाली असलेल्या नेदरलँडने १९९६ ते २००३ या काळात अख्खा देश लेसरने मोजला. आज तिथला कुणीही आपल्या परसाची उंची पाहू शकतो.

खर्चाचं म्हणाल, तर एकेका तलावासाठी यंत्र बोलावणं परवडणार नाही. विमान आणायचा खर्च ठरलेला असतो, मग दहा तलाव मोजा की शंभर. म्हणून मागणी तालुक्याची करायला हवी. पवनी, लाखांदूर किंवा साकोली, एक तालुका एका उन्हाळ्यात. रेल्वेसाठी, रस्त्यासाठी, जंगलासाठी सरकारी पैशाने जी मोजणी आधीच झाली आहे, तिच्यातला आपल्या भागाचा तुकडा मागायला हवा. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, माहिती सांभाळायला आणि मराठी नकाशे काढून द्यायला बाहेरून कोणी आणायची गरज नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा विषय ग्रामसभेत घ्या. ठरावात तीनच गोष्टी लिहा. आमच्या तलावाची उन्हाळ्यात लेसर मोजणी व्हावी, गाळ काढण्याच्या आधी आणि नंतर व्हावी, आणि तिचा नकाशा मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. ठराव पंचायत समितीकडे आणि जिल्हा परिषदेकडे पाठवा, पोच घ्या.

आणि एक काम ठरावाची वाट न पाहता करता येईल. यंदा तलाव आटला, की पाळीजवळ न हलणारा एखादा पक्का दगड, सांडव्याचा माथा किंवा तुडुमाचं बांधकाम निवडा, त्यावर छिन्नीने खूण करा आणि तिथपासून पोटातल्या चार-सहा जागा किती खोल आहेत ते पाण्याच्या नळीने मोजून वहीत लिहून ठेवा. लेसर उद्या आला, तरी त्याचा ताळा त्या खुणेवरच घ्यावा लागेल. नाहीच आला, तर पुढच्या वर्षी गाळ किती वाढला ते तुमच्या वहीत लिहिलेलं असेल.